जमीन विकून परदेशी नर्सिंगला जाऊ का?

पत्र :

आदरणीय मॅडम,
मी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा बारावी सायन्स झाले, ६८ टक्के पडले. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मीच केलं. तेव्हापासून नर्स व्हायचं मनात पक्कं आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आहे. पण शहरातल्या एका कन्सल्टन्सीचे सर म्हणतात, इथल्या डिग्रीला बाहेर किंमत नाही, थेट ऑस्ट्रेलियात बॅचलर ऑफ नर्सिंग कर. कोर्स तीन वर्षांचा, फी वर्षाला ३८ हजार डॉलर. पार्टटाइम काम करून राहण्याचा खर्च आणि कर्जाचे हप्ते दोन्ही निघतात, पुढे पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याची परवानगी, पक्की, असं ते सांगतात. आमची सहा एकर जमीन आहे. बँकेने तिच्यावर कर्ज दिलं नाही तर तीन एकर विकायची, असं पप्पांच्या मनात आहे. ते तयार आहेत, पण रात्री झोपत नाहीत हे मला दिसतं. काका म्हणतात, लोकांची घाण काढायला एवढे पैसे कशाला घालायचे. पंधरा दिवसांत दोन लाख भरून सीट धरायची आहे. काय करू?

उत्तर :

प्रिय मुली,

दोन लाख भरू नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण हे आधी पप्पांना सांगून ये. पंधरा दिवसांची मुदत त्या सरांनी घातली आहे. तुझ्या आयुष्याने घातलेली नाही.

आता आजीबद्दल. दोन वर्षं झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. मी पंचवीस वर्षं सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका होते. पहिल्या वर्षाच्या मुलींना हे शिकवायला मला एक अख्खं सत्र लागायचं, आणि तरी निम्म्या मुली नाक मुरडायच्या. तू ते कुणी न शिकवता केलंस. काकांना वाईट वाटू न देता एवढंच सांग की ज्याला ते घाण म्हणतात त्यात नर्सला रोग दिसतो. शी डांबरासारखी काळी झाली तर पोटात वरच्या बाजूला कुठे तरी रक्तस्राव होत असू शकतो, आणि डॉक्टर राउंडला येण्याआधी हे ज्या सिस्टरच्या लक्षात येतं, तिच्यामुळे माणूस वाचतो. बेडपॅन न उघडता ते कळत नाही. त्यामुळे तू नर्स व्हावंस की नाही यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. तू हो.

कुठे शिकून हो, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी सरांचा हिशोब आपण दोघी मिळून पुन्हा मांडू.

वर्षाला ३८ हजार म्हणजे तीन वर्षांची फी १ लाख १४ हजार डॉलर. हा ऑस्ट्रेलियन डॉलर. सोयीसाठी तो ६० रुपयांना धरू. झाले ६८ लाख ४० हजार. यात राहणं-खाणं धरलेलं नाही. त्याचा आकडा ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेच ठरवून दिला आहे. मे २०२४ पासून व्हिसाचा अर्ज करताना एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर आपल्याकडे आहेत हे दाखवावं लागतं, फी आणि विमानभाडं वेगळं. तीन वर्षांचे हे झाले साडेत्रेपन्न लाख. दोन्ही मिळून सव्वा कोटीच्या घरात जातं. आरोग्य विमा सक्तीचा, तोही वेगळा. व्हिसाच्या अर्जाचे २ हजार डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाहीत. ही अर्जाची फी २०२४ च्या जूनपर्यंत ७१० डॉलर होती. जुलै २०२४ मध्ये १,६०० झाली, जुलै २०२५ मध्ये २,०००. एका वर्षात जवळजवळ तिप्पट. नियम किती झपाट्याने फिरतात ते यावरून बघ, आणि मग ‘पुढे पीआर पक्की’ हे शब्द पुन्हा वाच. पदवीनंतर साधारण दोन वर्षं काम करण्याचा व्हिसा मिळतो आणि नर्सची तिथे खरोखर गरज आहे, हे खरं. पण चार-पाच वर्षांनी नियम काय असतील, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पार्टटाइमचं बघू. कॉलेज चालू असताना विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, म्हणजे आठवड्याला २४. तिथलं किमान वेतन तासाला पंचवीस डॉलरच्या आसपास आहे. आठवड्याचे ६०० डॉलर, तेही कर कापायच्या आधी. वर्षाचे बावन्न आठवडे एकही दिवस आजारी न पडता, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा कामाला गेलीस, तर ३१ हजार २०० होतात. सुट्टीत तासांची मर्यादा नसते, तेव्हा थोडे जास्त मिळतील. म्हणजे सगळं जमून आलं तर तुझं राहणं-खाणं निघेल. कर्जाच्या हप्त्यासाठी त्यात काही उरत नाही.

आणि सगळं जमून येत नाही. का, ते सरांनी तुला सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी जरा विस्ताराने सांगते. इंजिनिअरिंगला किंवा एम.बी.ए.ला परदेशी गेलेल्या मुलांचा हिशोब नर्सिंगला लागू पडत नाही, तो या एका गोष्टीमुळे.

ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर तीन वर्षांत किमान ८०० तास रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्याला तिथे प्लेसमेंट म्हणतात. आपल्या कॉलेजात क्लिनिकल पोस्टिंग असतं तसंच. आठवड्याचे चाळीस तास धरले तर हे वीस आठवडे होतात. काही विद्यापीठं याहून जास्त ठेवतात. या कामाचा एक डॉलरही मिळत नाही. सकाळ, दुपार, कधी रात्र, अशी पूर्ण शिफ्ट करायची आणि मग उरलेल्या वेळात पोटासाठी दुसरीकडे काम करायचं. प्लेसमेंटचे तास त्या ४८ तासांत मोजत नाहीत, त्यामुळे कायदा आड येत नाही. शरीर येतं. तिथल्या स्थानिक मुलांनाही हे झेपत नाही, म्हणून सरकारने जुलै २०२५ पासून प्लेसमेंटच्या आठवड्यांसाठी गरजू विद्यार्थ्यांना भत्ता सुरू केला. परदेशी विद्यार्थ्यांना तो मिळत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे हाच कोर्स करायला गेली. दुसऱ्या वर्षी तिची प्लेसमेंट शहरापासून तीन-साडेतीनशे किलोमीटर लांब एका छोट्या गावच्या रुग्णालयात लागली, सहा आठवडे. शहरातल्या खोलीचं भाडं चालूच, गावात दुसरं भाडं. ती एका वृद्धाश्रमात काम करत होती. सहा आठवडे येणार नाही म्हटल्यावर तिच्या शिफ्ट दुसऱ्या मुलीला गेल्या, आणि परत आल्यावर पुन्हा कामाची शोधाशोध. तेवढ्या दिवसांत तिने घरून दीड लाख मागवले. आज ती तिथे नर्स आहे, चांगलं चाललंय. पस्तावतेस का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘नाही मॅडम. पण बाबांची नोकरी पक्की होती म्हणून निभावलं. शेतावर असते तर मधूनच परत आले असते.’

मधून परत येणं, हीच माझी खरी भीती आहे. तीन वर्षं पूर्ण झाली आणि नोकरी लागली, तर तिथल्या नव्या नर्सला वर्षाला साधारण ७० हजार डॉलर मिळतात. फीसाठी ६५ लाखांचं कर्ज काढलं असं धरलं, तर त्याचा ११ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता महिन्याला नव्वद हजार रुपयांच्या जवळ जातो. शिकत असतानाचं व्याज त्यावर चढतं. तरीही त्या पगारातून तो फिटतो. गेलेल्यांपैकी कितीतरी जणींनी फेडलाय. पण दीड वर्षाने पैसे संपले म्हणून परत आलीस, तर हातात ना पदवी ना रजिस्ट्रेशन, आणि कर्ज मात्र पूर्ण. अर्ध्या नर्सिंगला कुठल्याच देशात किंमत नाही.

जमिनीबद्दल एक गोष्ट पप्पांच्या कानावर घाल. शेतजमीन तारण घेऊन शैक्षणिक कर्ज द्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली त्यांना शेतजमिनीवर हात टाकता येत नाही. त्यांना घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट किंवा मुदतठेव लागते. म्हणजे ‘बँकेने नाही दिलं तर’ असं जे तू लिहिलं आहेस, ते होण्याचीच शक्यता जास्त. मग उरते विक्री. तीन एकर गेल्यावर उरलेल्या तीन एकरात घर कसं चालेल, पाठच्या भावंडांचं काय, याचं गणित पप्पा रात्री जागून घालत असणार. ते तयार आहेत असं तू लिहितेस. मला वाटतं, तुला नाही म्हणायचा त्यांना धीर होत नाही.

‘इथल्या डिग्रीला बाहेर किंमत नाही.’ या वाक्याने मला राग आला. केरळच्या किती मुली इथल्याच डिग्रीवर आखातात, ब्रिटनमध्ये, आयर्लंडमध्ये वॉर्ड सांभाळतायत! आपल्या मराठी मुलीही आता जातात. भारतात बी.एस्सी. केलेली नर्स ऑस्ट्रेलियाला अर्ज करू शकते. त्यासाठी २०२० पासून ठरलेली वाट आहे: आधी कागदपत्रांची छाननी, मग एनक्लेक्स ही संगणकावरची परीक्षा, मग तिथे जाऊन ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष हाताने काम करून दाखवायची परीक्षा. एनक्लेक्सचं केंद्र मुंबईत आहे. अमेरिकेत नर्स व्हायलाही हीच परीक्षा लागते. या सगळ्याला काही लाख लागतात, सव्वा कोट नाही, आणि तोवर तू कमावती असतेस. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर अशा काही ठिकाणी नोंदणी होऊन १,८०० तास काम केलेल्या नर्सला तर ऑस्ट्रेलियाने २०२५ पासून या परीक्षांतून मोकळीक दिली आहे. ब्रिटनमधली भरती सध्या मंदावली आहे, पण तुझी डिग्री होईपर्यंत चार वर्षं जातील, आणि ही मागणी चढते-उतरते हे मी माझ्या नोकरीत तीनदा पाहिलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. सीईटीचा निकाल बघ आणि इथे बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घे. चार वर्षांची ती डिग्री घे, जीएनएम हा डिप्लोमा नको. जीएनएम वाईट नाही, माझ्या कितीतरी उत्तम सिस्टर जीएनएमच्या होत्या. पण तुला बाहेर जायचंय, आणि ऑस्ट्रेलियासारखे देश पदवी बघतात. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून ती भरून काढता येते, पण त्यात आणखी दोन वर्षं जातात.

सरकारी कॉलेज मिळालं तर देवाचे आभार मान आणि लांब असलं तरी जा. मुंबईत जे. जे.च्या आवारात शिकलेल्या मुलीने चार वर्षांत जे पाहिलेलं असतं, ते कुठल्याही पैशाने विकत मिळत नाही. खासगी घ्यावं लागलं तर माहितीपुस्तकातले फोटो बघून ठरवू नकोस. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का, ते तपास. मग सकाळी अकराच्या सुमाराला पप्पांना घेऊन त्यांच्या रुग्णालयात जा आणि खाटा मोज. किती भरलेल्या आहेत? लेबर रूममध्ये महिन्याला बाळंतपणं किती होतात, हे तिथल्या मावशींना विचार, ऑफिसात नको. रिकाम्या रुग्णालयात नर्सिंग शिकता येत नाही. आणि मूळ सर्टिफिकेटं कॉलेजकडे अडकवून ठेवणारा बॉन्ड असेल तर सही करू नकोस.

डिग्रीनंतर दोन वर्षं गर्दीच्या, खऱ्या वॉर्डात काढ. आयसीयू मिळालं तर सोन्याहून पिवळं.

तुला इथे चार अधिक दोन वर्षं फार लांब वाटतील. अठराव्या वर्षी वाटतातच. घाईच असेल, तर एक दुसरी वाट आहे जी सरांनी तुला दाखवली नाही, बहुधा तिच्यात विद्यापीठाची फी नाही म्हणून. विद्यापीठं एजंटांना कमिशन देतात हे उघड आहे, त्यात गुपित काही नाही. पण सल्ला ऐकताना ते लक्षात असू दे.

जर्मनीत नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण असतं. त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यात त्याचे तास ठरले आहेत: वर्गात २,१०० आणि रुग्णांजवळ २,५००. फी नाही. उलट पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळतं. सरकारी वेतनकरार लागू असलेल्या ठिकाणी ते पहिल्याच वर्षी महिन्याला १,४०० युरोच्या वर आहे. कर आणि विमा कापून हातात अकराशेच्या आसपास पडतात, आणि काटकसरीने त्यात भागतं. प्लेसमेंटचे तास इथे फुकट जात नाहीत, हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र युरोपीय संघात चालतं. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. ऑस्ट्रेलियाचं स्वप्न मागे ठेवायची तयारी असेल तरच हा रस्ता धर.

आणि मुख्य अडचण भाषेची. बहुतेक ठिकाणी जर्मन बी-२ पातळीपर्यंत लागते. शून्यापासून सुरुवात करून रोज चार-पाच तास बसलीस तर वर्ष-सव्वा वर्ष जातं. पुण्याला मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. करारावर विसंबून भाषेशिवाय काही ठरवू नकोस. आधी ए-१ ची, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा दे. दोन-तीन महिन्यांत कळेल, जीभ वळते का आणि मन रमतं का. नाही जमलं तरी काही हजारांवर भागेल, तीन एकर जाणार नाहीत.

भाषेवरून इंग्रजीचंही सांगते, कारण तिथेही तुला अर्धंच सांगितलं असणार. ऑस्ट्रेलियात नर्सिंगला आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ लागतात. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७, लेखनात साडेसहा. इतर बहुतेक कोर्सना सहा-साडेसहावर प्रवेश मिळतो, नर्सिंगला नाही. मराठी माध्यमाची लाज मुळीच बाळगू नकोस. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली. पण हा सातचा आकडा उगाच ठेवलेला नाही. रात्री दोन वाजता फोनवर डॉक्टर औषधाचा डोस सांगतो, तेव्हा पंधरा आणि पन्नास यांतला फरक ऐकूनच ओळखावा लागतो. बी.एस्सी.ची चार वर्षं इंग्रजीतच शिकायचं आहे. तिथल्या केस स्टडी कॉपी न मारता स्वतः लिहिल्यास तर सात मिळवायला वेगळ्या क्लासची फारशी गरज पडणार नाही.

इतकं सांगूनही ऑस्ट्रेलियालाच जायचं ठरलं, तर निदान दोन गोष्टी तपासून मगच पैसे भर. कोर्सचं नेमकं नाव काय आहे? डिप्लोमा ऑफ नर्सिंग केल्यावर एनरोल्ड नर्स, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली काम करणारी नर्स होता येतं, रजिस्टर्ड नाही. हेल्थ सायन्स, हेल्थ केअर मॅनेजमेंट अशा नावांचे कोर्स केल्यावर नर्स होताच येत नाही, पण ‘हेही नर्सिंगच’ म्हणून ते विकले जातात. तिथल्या नोंदणी संस्थेच्या, म्हणजे ऍप्राच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांची यादी आहे. त्यात तुझं विद्यापीठ आणि तुझा कोर्स दोन्ही दिसले पाहिजेत. दुसरं, दोन लाखांची पावती कुणाच्या नावाने आहे? फी विद्यापीठाच्या खात्यात जाते. कन्सल्टन्सीच्या खात्यात ‘सीट धरायला’ पैसे मागितले, तर उठून घरी ये.

पप्पांच्या पगाराचा आधार असता, किंवा निदान तीस-चाळीस लाख हाताशी पडून असते, तर मी तुला कदाचित जा म्हटलं असतं. शिक्षण तिथलं चांगलंच आहे. वॉर्डात विद्यार्थिनीला ‘का?’ विचारायची मुभा असते, ती आपल्याकडे कमी मिळते, याचं मला अजून वाईट वाटतं. तिथे आणखी एक वेगळं असतं, ते तू आजच ओळखशील. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालायला, भरवायला नातेवाईक असतात, मावशी असतात. ऑस्ट्रेलियात काय किंवा जर्मनीत काय, ते बरंचसं नर्सच करते. आपल्या किती हुशार मुली तिथे जाऊन पहिल्याच महिन्यात यावरून रडतात. तू रडणार नाहीस.

आज संध्याकाळी पप्पांना हे पत्र वाचून दाखव. ‘जमीन विकायची नाही, मी इथे शिकते आणि मग जाते’ हे तुझ्या तोंडून त्यांना ऐकू दे. सीईटीचा निकाल लागला की मला लिही. मार्क, प्रवर्ग आणि कुठली कॉलेजं दिसतायत ते कळव, पसंतीक्रम आपण मिळून लावू.

आणि पुढच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हेपॅटायटिस बी च्या लशीची चौकशी कर. लहानपणी घेतल्याची नोंद नसेल तर पहिला डोस लगेच घे. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. इथे शिकलीस काय किंवा बाहेर, सुईला हात लावण्याआधी ती लागतेच, आणि ऐनवेळी सहा महिने कुठून आणणार? लशीचं कार्ड जपून ठेव, मार्कशीटच्या फाईलमध्येच.